पाय निघत नाही

जानेवारीत माझा पाय मोडला. जिना उतरताना वाटलं ही शेवटची पायरी, ती शेवटची नव्हती, एवढंच झालं. नडगीचं हाड, प्लास्टर, आणि पुढचा दीड महिना पाय दोन उशांवर ठेवून पडून राहायचं. हे सगळं सांगायचं कारण असं की त्या दीड महिन्यात मी 'द बिग परेड' बघितला, १९२५ सालचा अमेरिकन मूकपट, पहिल्या महायुद्धावरचा, आणि धडधाकट असताना बघितला असता तर त्यातलं निम्मं मला दिसलंच नसतं असं आता राहून राहून वाटतं.

खरं तर कॉलेजात असताना एकदा लावून बघितला होता. कुठूनतरी उतरवून घेतलेली कॉपी, चित्र धुरकट, माणसं चावी दिलेल्या बाहुल्यांसारखी तुरुतुरु पळतायत, आणि मागे कुणीतरी चिकटवलेलं पियानोचं संगीत ज्याचा पडद्यावरच्या गोष्टीशी काही संबंध नाही. वीस मिनिटांत बंद केला आणि मूकपट हे आपलं काम नाही असं ठरवून टाकलं. तेव्हा हे माहीत नव्हतं की ती माणसं अशी पळत नव्हतीच. मूकपटाच्या काळात कॅमेरा बहुतेक वेळा हाताने हँडल फिरवून चालवायचे, वेग आजच्यापेक्षा कमी असायचा, आणि तीच फिल्म नंतर सेकंदाला २४ फ्रेमच्या ठरलेल्या वेगाने दाखवली की सगळे धावायला लागतात. म्हणजे कितीतरी वर्षं लोकांनी हे सिनेमे चुकीच्या वेगाने बघितले आणि जुने सिनेमे म्हणजे असलेच, अशी समजूत करून घेतली. मीही त्यातलीच.

यावेळी मिळाली ती नीट केलेली कॉपी. या सिनेमाची मूळ निगेटिव्ह नष्ट झाली असंच बरीच वर्षं समजत होते, ती नंतर अमेरिकेत रॉचेस्टरच्या जॉर्ज ईस्टमन हाऊसच्या संग्रहात सापडली आणि तिच्यावरून नवी प्रत तयार झाली, २०१३ मध्ये ब्लू-रे आली. फरक किती पडतो ते सांगून कळणार नाही. चेहऱ्यावरचा घाम दिसतो, गणवेशाच्या लोकरीचा खरखरीतपणा दिसतो. जॉन गिल्बर्ट हा तेव्हाचा मोठा रोमँटिक हिरो, पण दिग्दर्शक किंग विडॉरने त्याला या भूमिकेत मेकअप करू दिला नाही आणि नखांत मळ ठेवायला लावला, हे मी वाचलं होतं, पण तो मळ खरंच दिसला तेव्हा मी लॅपटॉप जवळ ओढून घेतला.

गोष्ट साधी आहे. १९१७ चा एप्रिल, अमेरिका युद्धात उतरते, कारखान्यांचे भोंगे वाजायला लागतात. जिम ॲपरसन हा गिरणीमालकाचा मुलगा, काही कामधंदा न करणारा, आणि त्याला युद्धात जायचंही नाहीये. मग तो गाडीत बसून रस्त्याने चाललाय आणि पुढ्यात मिरवणूक येते, बँड, झेंडे, ट्रकमध्ये चढलेले मित्र हाका मारतायत. तो नुसता बघतोय. आणि मग कॅमेरा त्याच्या पायावर येतो. पायाने ठेका धरलाय.

बास. तिथे तो भरती होतो. कुणी त्याला देशप्रेमाचं भाषण दिलं नाही, शत्रूचा राग आला नाही, नीट विचारही केला नाही त्याने, पाय हो म्हणाला आणि बाकीचा जिम मागून गेला. हे बघताना माझा स्वतःचा पाय समोर प्लास्टरमध्ये आडवा पडला होता आणि त्या बँडचा आवाज तर येतच नव्हता (मूकपट ना, जो काही बँड होता तो या प्रतीवर नंतर बसवलेल्या संगीतातला) तरी माझ्या दुसऱ्या, चांगल्या पायाची बोटं हलत होती. ते लक्षात आलं आणि अंगावर काटा आला.

तिथून पुढे मी हा सिनेमा पायांचा सिनेमा म्हणूनच बघितला. आणि तो आहेच तसा, मी काही ओढूनताणून आणत नाहीये. ट्रेनिंगच्या मैदानात आपापल्या कपड्यांत आलेली वेगवेगळ्या उंचीची, वेगवेगळ्या चालीची माणसं दिसतात, आणि बघता बघता त्यांची एकच चाल होते. त्यात जिमची दोस्ती होते स्लिमशी, उंच इमारतींच्या लोखंडी सांगाड्यावर काम करणारा, आणि बुलशी, बारमध्ये दारू देणारा. एरवी या तिघांची कधी ओळखसुद्धा झाली नसती. मग फ्रान्स, आणि तिथलं शँपियों नावाचं खेडं.

आता इथे एक गोष्ट. जवळजवळ अर्धा सिनेमा होईपर्यंत युद्ध येतच नाही. अडीच तासांच्या सिनेमात पहिला कितीतरी वेळ हे तिघं शेणखताचे ढीग उपसतायत, गवताच्या माळ्यावर झोपतायत, आंघोळीसाठी पिंपाचा शॉवर करतायत, गावातल्या मुलीच्या मागे फिरतायत. यातलं काही काही लांबलंय, दारूच्या तळघरातला गोंधळ मला जरा जास्तच वाटला, कुणी कापला असता तरी चाललं असतं. पण दुसऱ्यांदा बघितल्यावर कळलं की ही सगळी मंडळी इतका वेळ आपल्या घरात वावरू दिली आहेत ते उगाच नाही. नंतर जे होतं ते तुमच्या ओळखीच्या माणसांचं होतं.

आणि च्युइंगगमचा प्रसंग तर मला कुणी कापू देणार नाही. मेलिसांद ही तिथली शेतकऱ्याची मुलगी, तिला इंग्रजी येत नाही, जिमला फ्रेंच येत नाही. दोघं बाकावर बसलेत. हा खिशातून च्युइंगगम काढतो, स्वतः चावून दाखवतो, तोंडातून लांब ओढून दाखवतो, तिला देतो. ती बघत बघत चावते आणि गिळून टाकते. कॅमेरा जवळजवळ हलत नाही, मध्ये कट नाही, नुसते दोन चेहरे. हे स्क्रिप्टमध्ये नव्हतं, ऐन शूटिंगच्या वेळी विडॉरला सुचलं. भाषा येत नसलेली दोन माणसं, आणि आवाजच नसलेला सिनेमा. बोलपट असता तर इथे मोडक्यातोडक्या फ्रेंचमधले विनोद आले असते. इथे प्रेक्षकही त्या दोघांइतकाच मुका आहे, म्हणून आपण त्या बाकावर तिसरे होऊन बसतो. मेलिसांद झालेली रेने ॲडोरे खरोखरच फ्रेंच होती, लीलमध्ये जन्मलेली, आणि गम गिळल्यावर ती जी एक क्षण दचकून त्याच्याकडे बघते तसं शिकवून येत नाही.

मग निघायची वेळ येते.

मराठीत आपण म्हणतो पाय निघत नाही. मी हे वाक्य आयुष्यभर वापरलंय, माहेरून निघताना, ऑफिसच्या शेवटच्या दिवशी, आणि कधीही त्यातल्या पायाचा विचार केला नाही. या सिनेमात पाय निघत नाही म्हणजे खरोखर पाय निघत नाही. बिगुल वाजतो, गावभर पळापळ, ट्रकांची रांग, सैनिक चढतायत, आणि जिम आणि मेलिसांद त्या गर्दीत एकमेकांना शोधतायत, तो इकडे बघतो तेव्हा ती तिकडे, असं कितीतरी वेळ. सापडतात तेव्हा वेळच उरलेला नसतो. त्याला ओढून ट्रकवर चढवतात. ती त्याच्या पायाला मिठी मारते. ट्रक चालू होतो तरी सोडत नाही, फरपटत जाते, मग ट्रकच्या मागची साखळी धरते, तीही सुटते. तो वरून घड्याळ काढून टाकतो, मिळेल ते टाकतो, आणि शेवटी पायातला बूट काढून तिच्याकडे फेकतो. एकच बूट. ती तो बूट छातीशी धरून रस्त्यात बसते आणि मागून ट्रकवर ट्रक येत राहतात, मग तेही संपतात, रिकामा रस्ता आणि धूळ आणि ती.

मी हा प्रसंग रात्री एक वाजता बघितला आणि थांबवला. पुढे बघवेना. शेजारी खुर्चीखाली माझे बूट होते, दोन्ही, आईने पुसून ठेवलेले, आणि त्यातला डावा तीन आठवडे कुणी घातला नव्हता.

दुसऱ्या दिवशी पुढचं बघितलं. ट्रकांची ती रांग सरळ रस्त्यावरून क्षितिजापर्यंत जाते, खरे ट्रक, खरे सैनिक, टेक्सासमध्ये अमेरिकन लष्कराने शूटिंगसाठी दिलेले. सुरुवातीला शूटिंगच्या दुसऱ्या तुकडीने, विडॉरशिवाय, हेच वळणावळणाच्या रस्त्यावर शूट करून आणलं होतं, विडॉरने ते नाकारलं, त्याला सरळ रेघ हवी होती, आणि तो स्वतः जाऊन पुन्हा शूट करून आला. पडद्यावर बघताना त्याचं म्हणणं पटतं. वळणाचा रस्ता कुठेतरी दिसेनासा होतो, पलीकडे काय आहे ते बघू असं वाटत राहतं. सरळ रस्त्यावर पहिल्यापासून शेवटच्या ट्रकपर्यंत सगळे दिसतात आणि सगळे एकाच दिशेला जातायत.

आणि मग जंगल. या सिनेमाबद्दल कुणी काही लिहिलं तर बेलो वूडमधल्या त्या चालीबद्दल लिहितंच, तर मीही लिहिते.

खरी बेलो वूडची लढाई १९१८ च्या जूनमध्ये झाली, मार्न नदीजवळ, शातो-थिएरीच्या बाजूला, जवळजवळ महिनाभर चालली आणि अमेरिकन मरीनची तिथे भयानक हानी झाली. सिनेमात सैनिकांची एक ओळ उंच सरळ झाडांमधून पुढे चालते. संगिनी लावलेल्या, बंदुका समोर धरलेल्या. धावत नाहीत. लपत नाहीत. चालतात. लपलेल्या नेमबाजाची गोळी लागून एकजण पडतो, ओळ चालत राहते. अजून एक पडतो. कुणी वळून बघत नाही, वेग कमी नाही आणि जास्तही नाही. किती वेळ चालतं ते मी मोजलं नाही पण मोजून चार पावलं झाली की आता पुढचा कोण, एवढंच डोक्यात राहतं.

हे कसं केलं ते विडॉरने लिहून ठेवलंय. तो युद्धावर गेलेला नव्हता, म्हणून त्याने लष्कराच्या सिग्नल कोअरने, म्हणजे संदेशवहन दलाने, युद्धात घेतलेली खरी फिल्म ढिगाने बघितली. त्यात एका तुकडीची चाल बाकीच्यांपेक्षा वेगळी वाटली, संथ, जड, श्वास अडकल्यासारखी. नीट बघितलं तर ती अंत्ययात्रा होती. मग तो प्रोजेक्शनच्या खोलीत मेट्रोनोम घेऊन गेला, तेच ते संगीत शिकणाऱ्यांचं टिकटिक करणारं यंत्र, आणि पडद्यावरच्या पावलांशी त्याची लय जुळवून घेतली. लॉस एंजेलिसजवळच्या लहानशा जंगलात शूटिंग केलं तेव्हा त्याच लयीत एक माणूस मोठा ढोल वाजवत होता, दूरवरच्या सगळ्यांना ऐकू जावा म्हणून. हुकूम असा की प्रत्येक पाऊल ठोक्यावर पडलं पाहिजे, मान वळवायची ती ठोक्यावर, बंदूक उचलायची ती ठोक्यावर, मरून पडायचं तेही ठोक्यावर. त्या एक्स्ट्रांमध्ये खरोखर फ्रान्समध्ये लढून आलेले लोक होते, त्यांना वाटलं याचं डोकं फिरलंय, एकाने तर वैतागून विचारलं की हा काय बॅले चाललाय का. विडॉर म्हणतो की मी तेव्हा बोललो नाही पण मला तेच हवं होतं.

म्हणजे अंत्ययात्रेची चाल जिवंत माणसांना लावली. ती अजून मेलेली नाहीत, पण चालतायत ती स्वतःच्याच अंत्ययात्रेत.

हॉलिवूडच्या थिएटरात सिनेमा लागला तेव्हा या प्रसंगाला ऑर्केस्ट्रा थांबायचा. सगळी वाद्यं बंद, फक्त मोठ्या ढोलाचा दबलेला ठोका. मूकपटात शांतता ऐकवायची तर आधी संगीत चालू असलं पाहिजे, हे माझ्या डोक्यात कधी आलंच नव्हतं. तेव्हाच्या प्रेक्षकांत कितीतरी जणी अशा असतील ज्यांचा मुलगा किंवा नवरा सात-आठ वर्षांपूर्वी खरोखर त्या जंगलात चालला होता, आणि थिएटर भरलेलं, अंधार, आणि तो एक ठोका.

पहिल्यांदा हे बघितलं तेव्हा मी हादरले, पण कळलं नव्हतं. कळलं ते महिन्याभराने. प्लास्टर निघालं, पाय काडीसारखा झाला होता, आणि मला चालायला शिकवायला फिजिओथेरपिस्ट येऊ लागल्या. वॉकर धरून उभी राहिले आणि पाऊल पडेना. दुखत होतं म्हणून नाही, फार दुखत नव्हतंच. पाय ऐकत नव्हता. त्याला हा भरवसाच नव्हता की खाली जमीन आहे. मॅडम म्हणाल्या विचार करू नका, मी मोजते तुम्ही टाका, आणि त्या एक, दोन, एक, दोन म्हणायला लागल्या आणि पाय पडला. मी टाकला नाही, पडला. एकवर डावा, दोनवर उजवा. घरी सरावासाठी त्यांनी फोनवर मेट्रोनोमचं ॲप घ्यायला सांगितलं. सावकाश लावायचं, प्रत्येक टिकला एक पाऊल.

पहिल्याच दिवशी खोलीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत त्या टिकटिकीवर चालताना ते जंगल आठवलं आणि मी मधेच उभी राहिले. भीती वाटत असताना माणूस पाऊल कसं टाकतो? ठोक्यावर. ठोका पाय उचलतो, डोक्याला विचारत नाही. माझ्यासाठी ती दया होती, मला परत उभं करायला कुणीतरी मोजत होतं. त्या पोरांसाठीही अगदी तसंच कुणीतरी मोजत होतं, आणि पुढे मशीनगन होती. गाडीत बसलेल्या जिमचा पाय पहिल्यांदा ज्या ठेक्यावर हलला तोच हा ठेका, फक्त बँडचे झेंडे-बिंडे निघून गेलेत आणि ढोल उरलाय. हे विडॉरने शब्दांत कुठेही सांगितलेलं नाही, सांगायची सोयच नव्हती.

जंगलानंतरचं थोडक्यात सांगते कारण ते बघायलाच हवं. रात्र, तोफगोळ्याने झालेला खड्डा, त्यात तिघं अडकलेत. हुकूम येतो की एकाने जाऊन समोरची तोफ बंद पाडायची. कोण जाणार हे ठरवायला थुंकायची शर्यत लावतात, भिंतीवर गोल काढून. तंबाखू चघळणारा स्लिम जिंकतो, अर्थात, आणि हसत हसत जातो. मग त्याची हाक येत राहते अंधारातून, आपल्याला ऐकू येत नाही, जिमच्या चेहऱ्यावर ऐकू येते. त्याला जायचंय आणि हुकूम आहे की जायचं नाही. तो ओरडतो, हे युद्ध माणसं लढतायत की हुकूम, अशा अर्थाची पाटी पडद्यावर येते, पण पाटीच्या आधीच गिल्बर्टच्या गळ्याच्या शिरा बघून आपल्याला ते कळलेलं असतं.

स्लिम गेलेला असतो. बुलही जातो. जिमच्या पायाला गोळी लागते आणि तरी तो सरपटत एका जखमी जर्मनाच्या मागे खड्ड्यात उतरतो, मारायलाच, सुरा त्याच्या गळ्याशी नेतो. आणि जवळून बघतो. कोवळं पोर. ते खुणेने सिगरेट मागतं. जिम चिडून हाताने त्याचा चेहरा पलीकडे ढकलतो, तो परत वळतो, परत ढकलतो, आणि मग सिगरेट काढून त्याच्या तोंडात ठेवतो, पेटवतो. ते पोर मरतं. जिम त्याच्या ओठांतली सिगरेट काढतो आणि स्वतः ओढायला लागतो.

मला वाटतं अख्ख्या सिनेमात तो चेहरा ढकलणारा हात सगळ्यात खरा आहे. मारता येत नाही आणि बघवतही नाही. जिमचा शत्रू असा सबंध सिनेमात हा एकच. बाकीचे जर्मन लांबून, ठिपक्यांसारखे, आणि ही मला या सिनेमाची उणीवही वाटते, त्यांच्या बाजूला काय चाललंय त्याचा विचार नाही. विडॉरचं म्हणणं असं होतं की त्याला युद्धाच्या बाजूने किंवा विरुद्ध काही सांगायचं नव्हतं, एक साधा मुलगा ना फार देशभक्त ना शांततावादी, त्याच्यावर जे जे येतं ते दाखवायचं होतं. म्हणून काहीजण म्हणतात की हा युद्धविरोधी सिनेमा नाहीच. मला ते पटत नाही. ज्याने तो खड्डा बघितला त्याला भाषणाची गरज नाही.

जिमचा पाय जातो. हा शेवट कुठून आला तर गोष्ट लिहिणारे लॉरेन्स स्टॉलिंग्ज, ते स्वतः मरीन होते, १९१८ मध्ये खऱ्या बेलो वूडमध्येच त्यांच्या पायाला गोळ्या लागल्या आणि काही वर्षांनी तो पाय कापावा लागला. हे वाचल्यावर मी सुरुवातीचा तो ठेका धरणारा पाय परत जाऊन बघितला. पाय गमावलेल्या माणसाच्या गोष्टीतला तो पाय आहे. किती आनंदात हलतोय.

न्यूयॉर्कच्या ॲस्टर थिएटरात हा सिनेमा ९६ आठवडे चालला. त्याआधी विडॉरने स्टुडिओत जाऊन सांगितलं होतं की आठवडाभर चालून विसरले जाणारे सिनेमे करून मी कंटाळलो, मला युद्ध, गहू किंवा पोलाद यांच्यावर काहीतरी करायचंय. तेव्हा स्टुडिओने युद्ध निवडलं, बाकी दोन्ही त्याने पुढे केलेच. नटांचं मात्र वाईट झालं. स्लिम झालेला कार्ल डेन डॅनिश, बोलपट आल्यावर त्याला काम मिळेना, १९३४ मध्ये त्याने जीव दिला. ॲडोरे १९३३ मध्ये क्षयाने गेली, नुकतीच पस्तीसची झाली होती. गिल्बर्ट १९३६ मध्ये गेला, अडतीसचा. म्हणजे दहा-अकरा वर्षांत तिघंही संपले. त्या बाकावर गम चावणारी ती दोघं बघताना आता मला हे विसरता येत नाही.

हा सिनेमा मी दुसऱ्यांदा बघितला तो आईबरोबर. तिला इंग्रजी येत नाही, त्यामुळे असले सिनेमे मी एकटीच बघते, पण यात बोलणंच नाही म्हटल्यावर तिला म्हटलं ये, पाट्या मी वाचून सांगते. जुन्या काळी जपानमध्ये थिएटरात पडद्याशेजारी एक माणूस उभा असायचा, बेन्शी म्हणायचे त्याला, तो मूकपट चालू असताना सगळी गोष्ट बोलून सांगायचा. तसं मी सुरू केलं. पाटी आली की पटकन मराठीत सांगायचं. शेणखत उपसताना आई हसली, थुंकायच्या शर्यतीला शी म्हणाली. आणि त्याआधी, ट्रकच्या प्रसंगाला, मी काहीतरी सांगायला तोंड उघडलं तर तिने माझ्या हातावर हात ठेवला. म्हणाली, "तू नको बोलूस. कळतंय मला."

त्यानंतर मी गप्पच बसले.

जिम घरी परत येतो तिथे ती पुढे सरकून बसली. त्याची वाग्दत्त वधू आता त्याच्या भावाच्या प्रेमात आहे, ते आईला फार लागलं नाही, ती म्हणाली बरंच झालं. पण जिमची आई धावत येते, त्याला कवटाळते, आणि त्या मिठीतच पडद्यावर त्याचं लहानपण उमटतं, रांगणारं बाळ, पहिली पावलं टाकणारं, तोल सावरत तिच्याकडे येणारं पोर, असं एकावर एक. एका पायाचा मुलगा मिठीत आणि तिला दिसतंय त्याचं पहिलं पाऊल. माझी आई तोंडाला पदर लावून बसली होती. मी तिच्याकडे बघितलं नाही, नीट बघवलं नसतं मला.

मग जिम आईला सांगतो की फ्रान्समध्ये एक मुलगी आहे, आणि ती सांगते जा, शोध तिला. आणि शेवटचा प्रसंग, शेत, मेलिसांद आपल्या आईबरोबर नांगरतेय, दूर टेकडीवर एक ठिपका दिसतो. ती बघते. थांबते. पळायला लागते. आणि तो उतारावरून खाली येतोय, लाकडी पाय, काठी, घाई अनावर झालेली, एक पाऊल जमिनीवर आणि एक कसंतरी, लंगडत, झोकांड्या खात. या चालीला कुठलाही ठोका नाही. सबंध सिनेमात पहिल्यांदा एक माणूस ठोक्याशिवाय, आपल्याला हवं तसं, वेडंवाकडं चालतोय.

वॉकर माझ्या शेजारी उभा होता. आई पडद्याकडे बघत, आवाज न करता, अगदी हळू म्हणाली,

"अरे सावकाश. पडशील."